फोल्डरात हाय ते सगळं

तारीख भरायची राहिली होती म्हणून अक्काताईनं सौम्याचा अर्ज उघडला, तर पडद्यावर चौकोन आला. ही फाईल आधीच उघडलेली आहे, आणि उघडणाऱ्याचं नाव, नागेंद्र.

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. चौकोन तिथंच.

बेळगावात कोर्टाजवळच्या त्या माडीवर दोन ऑफिसं होती. अलीकडं वकीलसाहेबांचं, तिथं अक्काताई टायपिंगला; पलीकडं जमिनीचे नकाशे काढणाऱ्याचं, तिथं नागेंद्र. इंटरनेटची वायर एक, प्रिंटर एक, तोही पलीकडं. म्हणून एक फोल्डर दोन्हीकडं उघडा. अक्काताईनं कागद त्यात टाकायचा, भिंतीवर थाप मारायची आणि ओरडायचं, "नागेंद्र, मार रं!" की पलीकडं नागेंद्र प्रिंट मारायचा. सुरुवातीला त्या फोल्डरला तिनं पासवर्ड घातला होता. तो नागेंद्र विसरायचा, साहेब विसरायचे, आणि खरं सांगायचं तर दोनदा अक्काताईच विसरली. मग तिनं पासवर्ड काढून टाकला आणि 'सगळ्यांना' या शब्दापुढं खूण केली. टाइपरायटरवरून कॉम्प्युटरवर ती पंचेचाळिशीत, कुणाच्या क्लासला न जाता आलेली. हे जमलं त्या दिवशी तिनं माडीभर गोड कुंदा वाटला होता.

नाजूक कागदांना साहेबांचा नियम वेगळा. ते बंद फोल्डरात. प्रिंट हवी तर पेनड्राइव्ह घेऊन स्वतः जायचं आणि शेवटचं पान निघेपर्यंत मशीनसमोरून हलायचं नाही.

सौम्याचा अर्ज असाच. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती सहा वर्षांच्या लेकीला घेऊन बोरगावातनं निघाली होती आणि खानापूरच्या पुढं गुंजीत नागुबाई मावशीकडं लपली होती. "सापडलीस तर दोघींनाबी जित्तं ठेवत न्हाय," असं नवरा, समर्थ, म्हणाला होता. गुंजीचा पत्ता असलेली ही प्रत बंद पाकिटातनं फक्त न्यायाधीशांच्या हातात जायची होती.

सकाळी साहेब कोर्टाच्या घाईत, ही त्यांच्या घाईत. सेव्हचं बटण दाबलं, कुठं ठेवलं जातंय ते बघितलं नाही. आधीचा भाडेकरार उघड्या फोल्डरात ठेवलेला, त्याच्या शेजारी कॉम्प्युटरनं हाही ठेवून दिला. मुकाट. आणि दुपारी जेवायच्या आधी तिनंच भिंतीवर थाप मारली होती, "नागेंद्र, फोल्डरात हाय ते सगळं मार रं!"

नागेंद्र बोरगावचा.

अक्काताई उठली. गॅलरीतली सात पावलं तिला सात कोसांसारखी वाटली.

"या आक्का, या!" नागेंद्र हसला. "प्रिंटा कवाच्या काढून ठेवल्यात. तुमाला सवड कुठली! भाडेकरार ह्यो, आनि ह्यो तुमचा अर्ज." मग खुर्ची पुढं ओढून, आवाज खाली करून, "आक्का, ही सौम्या आमच्या गल्लीतली की वं. समर्थची बायकू."

"वाचलंस तू?"

"वाचाय काय, नाव दिसलं. बिचारा दोन म्हयनं झालं हिंडालाय. डोक्यावर परिणाम झालाय तिच्या, पोरगी घिऊन गेलीया म्हनत हुता. त्याची आई जेवंना."

"नागेंद्र, तू त्याला काय सांगितलंस?"

त्याचं हसू जाग्यावरच राहिलं. "गुंजीला हाय, सुखरूप हाय म्हनून सांगितलं. दोन वाजता. आक्का, रडला वं त्यो फोनवर. मला वाटलं, पुण्य लागंल."

"मग?"

"लगीच गाडी काढली म्हनला."

भिंतीवर घड्याळ होतं. साडेतीन. बोरगाव ते बेळगाव दीड तास, पुढं गुंजी एक तास. म्हणजे आत्ता, या घटकेला, समर्थ या माडीखालनं जात असंल. अक्काताईनं खिडकीतनं खाली बघितलं. रस्ताभर गाड्या, आणि प्रत्येक गाडीत तोच बसलेला.

तिनं अर्ज नागेंद्रच्या हातात दिला. "तिसरं पान वाच."

पत्ता पहिल्या पानावर होता. तापलेलं उलथणं, पाठीवरचे डाग, दवाखान्याचा कागद, हे सगळं तिसऱ्यावर. नागेंद्र वाचत गेला तसे त्याचे ओठ हलायचे थांबले.

"पोलिसांना, एकशेबाराला फोन लाव," अक्काताई म्हणाली. "खानापूरची गाडी पाठवा म्हण. कन्नडात बोल, लवकर ऐकतील."

तो लावत होता तोवर तिनं नागुबाईला फोन केला. वाजून वाजून बंद पडला. दुसऱ्यांदा तर लागलाच नाही. तिसऱ्या खेपेला नागुबाईचा आवाज आला, मधनंच तुटणारा.

"कोन गं? अक्काताई? चा प्यालीस?"

"मावशी, सौम्याला द्या."

सौम्या आल्यावर अक्काताईनं तिला एका दमात सांगितलं. माझ्या चुकीनं पत्ता फुटला, हेही.

"सौम्या, हाईस न्हवं?"

"हाय."

"घरात थांबू नको. मावशीलाबी शेजारी धाड. स्टेशनात जी गाडी येईल तीत बस. कुठली ते कुणाला बोलू नको."

फोन चालूच राहिला. धावणं ऐकू आलं, लेकीचं "आये, चप्पल!" ऐकू आलं, मग बराच वेळ नुसता वारा. इकडं नागेंद्र फोनवर कन्नडात परत परत तेच सांगत होता आणि परत परत त्याला तेच विचारत होते; शेवटी गाडी धाडतो म्हणाले, तसा त्यानं फोन टेबलावर ठेवला. चारला पाच मिनिटं कमी असताना गाडीची शिट्टी आली. अक्काताईनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"बसलो आक्का," सौम्या म्हणाली. "गाडी हाललीया. कुठं उतरू?"

चारच्या सुमाराची गाडी कुठं जाते ते अक्काताईला ठाऊक होतं, आणि त्याच लायनीवर तिची नणंद राहायची. खमकी बाई, दारात उभी राहिली तर फौजदारसुद्धा आधी नमस्कार करील. गावाचं नाव अक्काताईच्या जिभेवर आलं.

तेवढ्यात टेबलावरचा नागेंद्रचा फोन वाजला. समर्थ.

नागेंद्रनं फोनकडं बघितलं, मग अक्काताईकडं. फोन उपडा घातला. तो पालथा पडून वाजत राहिला.

"आक्का, मी काय बोलत न्हाय त्याच्यासंगं. आईशपथ."

"व्हय रं बाबा," ती म्हणाली. तिला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता. सकाळी तर तिचा स्वतःवरही होता.

फोन पदराखाली धरून ती जिना उतरली. मागं नागेंद्रनं दार आपणहून लावून घेतलं. रस्त्यावर सिटी बसचे हॉर्न, रिक्षा, काळे कोट. तिनं भिंतीकडं तोंड केलं, हात तोंडावर आडवा धरला आणि गावाचं नाव सांगितलं.

"काय आक्का? ऐकू येईना!"

तिनं आजूबाजूला बघितलं. पान खाणारा एकजण, गाडी पुसणारा एकजण, फोनवर बोलणारे कितीतरी. कोण कुठल्या गावचा, कुणाचा पाहुणा, काय कळणार?

"आक्का? कुठं म्हनला?"

तिला परत, जरा मोठ्यानं, सांगावंच लागलं.