मला मागचं दिसत नाही

मी नजर तपासायचा एक जुना अक्षरतक्ता आहे. मधुमेहाच्या दवाखान्यात, वजनकाट्याच्या वर टांगलेला. कडा पिवळ्या पडल्या आहेत, एका कोपऱ्याला चिकटपट्टी आहे. पण मित्रांनो, वीस वर्षं इथे माझा शब्द शेवटचा होता. समोरच्या खुर्चीत बसून ज्याने माझी खालची, मुंगीएवढी ओळ वाचली, त्याची नजर ठीक. डॉक्टर तसं लिहीत आणि पुढच्याला हाक मारत. मला त्याचा फार अभिमान होता.

तो अभिमान एका घड्याळजींनी उतरवला. चार वर्षं ते ती ओळ घडाघडा वाचत. पाचव्या वर्षी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सिस्टर, तक्ता काढलात का भिंतीवरचा?"

मी तिथेच होतो. त्यांच्या डोळ्यांत आतून रक्त उतरलं होतं. चार वर्षांत ते डोळे आतून कुणी पाहिलेच नव्हते; आता फार उशीर झाला होता.

महिन्याभराने शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. बारा वर्षांची साखर. बाहेर बाकावर माणसं दाटलेली. मावशींनी खालची ओळ वाचली आणि वर ऐटीत म्हणाल्या, "सुईत दोरा अजून एका झटक्यात ओवते हो मी!"

"छान," म्हणत डॉक्टरांनी पेन उचललं.

सिस्टर फाइल धरून तशाच उभ्या राहिल्या. "डॉक्टर, डोळ्यांत थेंब घालू का? बाहुली मोठी झाली की आतून बघाल?"

"अहो, सगळं वाचलं त्यांनी. तक्रार काहीच नाही. अर्धा तास मोडेल, बाहेर गर्दी बघा."

"घड्याळजींचीही तक्रार नव्हती," सिस्टर हळूच म्हणाल्या.

पेन थांबलं. मला ओरडून सांगायचं होतं, डॉक्टर, माझं ऐकू नका! मला डोळ्यापुढचं कळतं, डोळ्यामागचं नाही. पण कागदाला कुठला आवाज?

"मला आज सहा गणवेश द्यायचेत," मावशी कुरकुरल्या.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "गणवेश थांबतील, मावशी. वर बघा."

थेंब पडले. अर्ध्या तासाने डॉक्टर यंत्र घेऊन वाकले. उजवा डोळा. डावा. पुन्हा उजवा. 

"एवढे गप्प का हो?" मावशींनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नको त्या नाजूक रक्तवाहिन्या वाढल्यात. त्यातून रक्त आलं तर नजर जाईल. लेझरसाठी पाठवतो, आजच."

"पण मला तर सगळं दिसतंय!"

"म्हणूनच आज," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

मावशींची नजर वाचली. त्या अजून शिवतात.

डॉक्टरमित्रांनो, तुम्हाला माझी हात जोडून विनवणी आहे. साखर असलेला माणूस समोर आला की माझ्या भरवशावर त्याला घरी पाठवू नका. वर्षातून एकदा त्याचे डोळे आतून पाहायचेच, हा नेम धरा, आणि बाहेर कितीही गर्दी असली तरी तो मोडू नका. माणूस 'दिसतंय' म्हणतोय, तोवरच वेळ आहे.