माफीचं वाक्य

आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. घरी तिला माऊ म्हणायचे, म्हणून आपणही माऊच म्हणू. वर्गाने तिला दुसरं एक नाव ठेवलं होतं. ते या गोष्टीत आलं नसतं तर बरं झालं असतं, पण त्यावाचून पुढचं काही कळायचं नाही, तेव्हा सांगून टाकू: भूकंप. माऊ अंगाने थोराड होती, उंच आणि चांगली भरलेली. ती वर्गात शिरली की मागच्या बाकांवरची मुलं बाक गदागदा हलवायची, कंपासपेट्या खाली पाडायची आणि "पळा, पळा" म्हणत बाकाखाली दडायची. हे रोज. एकच विनोद रोज करूनही मुलांना कंटाळा येत नाही, हा त्यांचा गुण म्हणायचा की दोष, ते ज्याचं त्याने ठरवावं.

शाळेचं म्हणणं असं, की आम्हाला याची कल्पनाच नव्हती. खरं तर कल्पना सगळ्यांना थोडीथोडी होती, पण ती एकत्र करायला कुणाला सवड नव्हती. मग एके दिवशी मधल्या सुट्टीत माऊची आई आली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची, आणि दुकानातला निळा कोट न काढता तशीच धावत आली होती.

"सर, मी भांडायला नाही आले," ती हेडसरांना म्हणाली. "पोरगी रोज सकाळी पोट दुखतं म्हणते. शाळा बदल म्हणून मागे लागलीय. हे सत्र संपेपर्यंत मी तिला समजावते. तोवर काही झालं नाही, तर मात्र मी तिला काढून घेणार."

हेडसर हबकले. आरडाओरडा करणाऱ्या पालकांना कसं गार करायचं ते त्यांना पाठ होतं, पण ही बाई शांतपणे बोलत होती. त्यांनी त्याच दिवशी सगळ्या शिक्षकांना बसवून घेतलं.

खेळाचे सर म्हणाले, "माझ्याकडे पाठवा. रोज मैदानाला फेऱ्या मारू दे. अंग उतरलं की प्रश्न मिटला." चित्रकलेच्या बाई म्हणाल्या की भित्तिचित्रांची स्पर्धा ठेवू. हेडसर म्हणाले, "मी प्रार्थनेनंतर दोन शब्द बोलतो," आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या, कारण त्यांचे दोन शब्द पहिला तास खाऊन टाकायचे. तेवढ्यात भाषेच्या बाई उभ्या राहिल्या.

"नाटक बसवू," त्या म्हणाल्या.

आता या बाईंविषयी थोडं सांगायला हवं. शिकवायच्या झकास, मुलांवर जीव टाकायच्या, पण डोक्यात नाटकाचा किडा होता आणि तो कशानेही वळवळायचा. शाळेच्या छपराला गळती लागली तेव्हाही त्यांनी गळतीवर नाटक सुचवलं होतं. या खेपेला कारण खरोखरच मोठं होतं. एका रविवारात त्यांनी नाटक लिहून काढलं. जेवताना नवऱ्याला वाचून दाखवलं, आणि तो बिचारा घास हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिला. गोष्ट सरळ होती. एक जाडजूड मुलगी, तिला छळणारा वर्ग, मग वर्गाला उपरती, सगळ्यांची माफी, आणि शेवटी ती मुलगी पुढे येऊन म्हणते, "मी तुम्हां सर्वांना मनापासून माफ केलं आहे." त्यावर गाणं, आणि पडदा.

पात्रं निवडताना बाईंना जे सुचलं, ते त्यांना त्या वेळी फार हुशारीचं वाटलं. छळ सोसणाऱ्या मुलीचं काम त्यांनी माऊला दिलं. भावना तिच्याइतकी कुणाला कळणार? आणि छळणाऱ्या टोळीच्या म्होरक्याचं काम दिलं कॅप्टनला. कॅप्टन म्हणजे शाळेच्या फुटबॉल संघाचा कप्तान, मागच्या बाकावरचा राजा, आणि बाक हलवण्याची मूळ कल्पना त्याचीच. आपण काय करतो ते त्याला रंगमंचावर उमगेल, असा बाईंचा हिशेब होता.

"बाई, मी नको ना," माऊ म्हणाली होती.

"अगं, नायिका आहेस तू!" बाई म्हणाल्या. "लाजायचं नाही. यानेच तुझी भीड चेपेल."

मोठ्या माणसाने नायिका करायचं ठरवलं की मुलांच्या हातात फारसं काही उरत नाही.

तालमी सुरू झाल्या. शाळा सुटल्यावर सभागृहात दिवे लागायचे, बाई पहिल्या रांगेत वही मांडीवर घेऊन बसायच्या. माऊ डावीकडून यायची, आणि टोळी 'भूकंप, भूकंप' ओरडत बाक हलवायची. फरक एवढाच, की वर्गात हे चोरून चालायचं आणि इथे बाई सांगायच्या, "जोरात! शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे!" कॅप्टनच्या अंगात तर विनोद नुसता भरलेला होता. तो स्वतःच्या पदरच्या हशाच्या जागा घालायचा. एकदा तो छताकडे बघत म्हणाला, "कुणीतरी पंखा धरा रे, खाली येतोय!" आणि बाईंना खुदकन हसू आलं. "ठेव हं ते," त्या डोळे पुसत म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्याने आणखी एक जागा आणली.

माऊचं पाठांतर चोख होतं. ती एकदाही अडखळली नाही, एकदाही रडली नाही. बाईंनी हेडसरांना सांगितलंसुद्धा, "पोरगी काय खुललीय म्हणून सांगू!" फक्त ते शेवटचं वाक्य तिला जमेना. ती ते औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेसारखं म्हणायची.

"मनापासून, माऊ! 'मनापासून' हा शब्दच आहे त्यात," बाई म्हणायच्या. माऊ मान डोलवायची आणि पुन्हा तस्संच म्हणायची.

पालकांसमोरच्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी सकाळी रंगीत तालीम ठेवली. प्रेक्षक म्हणून पहिली-दुसरीची पोरं आणून बसवली. पहिला अर्धा भाग अफाट रंगला. बाक हलले की पोरं खुर्च्यांवर उड्या मारायची, आणि पंख्याच्या वाक्याला तर दोघं हसून हसून खाली पडली. माफीचा भाग आला तसा मात्र त्यांचा उत्साह मावळला. कुणाला शू लागली, कुणी पुढच्याच्या वेण्या ओढायला लागलं. गाणं संपायच्या आत निम्मं सभागृह उठलं होतं. बाईंनी मनाशी ठरवलं की गाण्याचं एक कडवं कापावं.

मधल्या सुट्टीत बाई चहा घेऊन व्हरांड्यात आल्या. समोरून माऊ पाण्याच्या नळाकडे चालली होती, आणि तिच्या मागे पहिलीची पोरं होती. चांगली लांबलचक रांग होती ती. प्रत्येक पाऊल धप्पकन आपटत, भिंतींना धरून डुलत, पोरं एका सुरात ओरडत होती, "भूकंप! भूकंप!" त्यांच्या तोंडावर दुष्टपणा नव्हता. ती अगदी मजेत होती.

बाईंच्या हातातला चहा गार झाला. कालपर्यंत हे नाव आठवीच्या एका वर्गापुरतं होतं. पहिलीच्या पोरांच्या ते गावीही नव्हतं. ते त्यांना बाईंनी शिकवलं होतं, दिवे लावून, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात.

रांगेतला एक दात पडलेला पोरगा बाईंना बघून थांबला. "बाई, उद्या आम्हाला पण घ्या ना नाटकात," तो म्हणाला. "आम्हाला येतं ते."

बाईंनी त्या पोरांना वर्गात पिटाळलं आणि त्या माऊला शोधायला निघाल्या. नळावर ती नव्हती. वर्गातही नव्हती. शेवटी सभागृहाच्या मागच्या सामानाच्या खोलीत सापडली. पुठ्ठ्याची झाडं आणि मोडक्या खुर्च्या यांच्यामध्ये एका खोक्यावर बसून डबा खात होती.

"इथे का गं?"

"इथे कुणी येत नाही, बाई."

बाई समोरच्या खुर्चीवर बसल्या. खुर्ची मोडकी असल्याने थोड्या कलल्या. त्या सावरून बसेपर्यंत माऊनेच विचारलं.

"बाई, एक विचारू? ते माफीचं वाक्य काढता येईल का?"

"का गं?"

"कारण मी नाही केलं माफ."

बाईंनी कललेली खुर्ची पुढे ओढली.

"बाकीचं चालेल," माऊ म्हणाली. "त्याची सवय आहे. पण ते माझ्या तोंडून नको. नाटकात ते सॉरी म्हणतात, खरं अजून कुणी म्हटलंच नाही. आणि उद्या सगळ्यांसमोर मी माफ केलं म्हटल्यावर संपलंच ना? मग मला काही म्हणताच येणार नाही." तिने डब्याचं झाकण लावलं. "आणि बाई, तुम्ही पण हसता. तुम्ही पहिल्या रांगेत बसता ना, वरून दिसतं."

बाईंना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. इतक्या वर्षांत मुलांनी त्यांना उलट उत्तरं दिली होती, टोपणनावं ठेवली होती, पण असं खरं कुणी सुनावलं नव्हतं. रडू फुटत होतं, ते त्यांनी गिळलं. इथे रडण्याचा हक्क आपला नाही, एवढं त्यांना कळत होतं.

"हसले मी," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं, माऊ. नाटकात नाही, खरंच सांगतेय." आणि सवयीने पुढचं वाक्य त्यांच्या ओठावर आलं, 'माफ करशील ना?' ते त्यांनी जीभ चावून अडवलं.

"बरं," माऊ म्हणाली.

बाई तडक हेडसरांकडे गेल्या. "नाटक रद्द."

"बाई!" हेडसर खुर्चीतून उठलेच. "पाहुण्यांना बोलावलंय. बाहेर फलक लावलाय. पालक येणार!"

"पालकांना भाषण द्या. तुम्हाला आवडतं."

"अहो, पण झालं काय? तुमचंच नाटक ना हे?"

"माझंच. म्हणून तर मला रद्द करता येतं," बाई म्हणाल्या, आणि मग जे झालं ते त्यांनी काही न लपवता सांगितलं. पंख्याच्या वाक्यावर आपण हसलो, तेही सांगितलं. हेडसर पुन्हा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "खेळाच्या तासाला ती रांगेत उभी राहिली की आपले सर म्हणतात, 'सरका रे, जागा करा.' मी खिडकीतून ऐकलंय. मीही हसलोय."

दुसऱ्या दिवशी हेडसर खरोखरच बोलले, आणि पाहुण्यांना डुलकी लागली. तो विषय तिथेच संपला. खरं काम सोमवारपासून सुरू झालं, आणि नाटकवाल्या माणसाला ते अगदीच नीरस वाटावं असं होतं. दिवे नाहीत, गाणं नाही, टाळ्या तर नाहीतच. ज्याच्या तासाला बाक हलेल, त्याने तो तिथल्या तिथे थांबवायचा, भाषण न देता आणि माऊकडे न बघता. मधल्या सुट्टीत जिन्यापाशी कुणीतरी मोठं माणूस असायचं. खेळाच्या सरांना हेडसरांनी दार लावून समज दिली. सर आधी फुरंगटले, मग सुधारले. पहिलीच्या पोरांना त्यांच्या बाईंनी सांगितलं की तो खेळ नव्हता, चूक नाटक बसवणाऱ्या बाईंची होती, आणि पोरं दोन दिवसांत नवीन खेळाला लागली. मोठ्यांना जास्त वेळ लागला.

बाक हलवणाऱ्यांच्या आईवडिलांना एकेक करून बोलावलं. कॅप्टनचे वडील आधी हसले. "पोरं आहेत हो बाई, चालायचंच!"

"मीही असंच हसत होते," बाई म्हणाल्या. त्यावर त्यांचं हसणं आपोआप मावळलं.

त्यानंतर एकदा कॅप्टन स्वतःहून बाईंकडे आला. खिशात हात, नजर जमिनीवर. "बाई, तिला सॉरी म्हणायचंय. केव्हा म्हणू? सगळ्यांसमोर का?"

"मुळीच नाही. आधी तिला विचार, ऐकायचंय का. नाही म्हणाली तर परत फिर."

"आणि तिने माफ नाही केलं तर?"

"नाही केलं तर नाही केलं."

"मग काय उपयोग?" कॅप्टन खरोखरच गोंधळला होता. गोल झाला की गुण मिळालाच पाहिजे, अशी त्याची आजवरची समजूत.

"तू चुकलास, हे तिला तुझ्या तोंडून कळेल," बाई म्हणाल्या. "एवढाच उपयोग."

तो गेला. बाई लांबून बघत होत्या, ऐकू काही येत नव्हतं. कॅप्टन बोलला, कान लाल झाले, पुन्हा बोलला. माऊने ऐकून घेतलं, काहीतरी एकच शब्द म्हटला आणि वर्गात निघून गेली. तो परत आला तेव्हा बाईंना राहवलं नाही.

"काय म्हणाली रे?"

"'ऐकलं' म्हणाली."

बाक हलायचे पूर्ण थांबले असं नाही. मधूनच एखादा हलायचा, पण आता त्याच्यावर कुणी हसायचं नाही, आणि हसू न मिळालेला विनोद फार दिवस टिकत नाही. माऊ मात्र अजून गप्पगप्पच असायची. सत्राचा शेवटचा दिवस जवळ येत चालला तशी बाईंच्या जिवाची घालमेल वाढली. आईने दिलेली मुदत त्यांच्या डोक्यातून जात नव्हती.

शेवटच्या दिवशी घंटा झाली, मुलं भर्रकन पांगली. माऊची आई फाटकाशी तोच निळा कोट घालून उभी होती. माऊ दप्तर सावरत व्हरांड्यातून चालली होती. बाईंनी तिला गाठलं. विचारायचं नाही असं त्यांनी सकाळपासून ठरवलं होतं, म्हणजे विचारणारच होत्या.

"सुट्टीनंतर येशील ना गं?"

माऊने फाटकाकडे बघितलं, मग बाईंकडे.

"येईन," ती म्हणाली. "आईला कालच सांगितलं." दोन पावलं पुढे गेली आणि परत वळली. "पण बाई, माफ नाही केलं हं अजून. त्यांना नाही, आणि तुम्हालापण नाही."

"नको करूस," बाई म्हणाल्या. "तू ये फक्त."