थोडीशी अडचण

चालण्याचा हिशेब ठेवणाऱ्या ॲपची चाचणी होती. काचेपलीकडे एक वयस्क बाई मोबाइल घेऊन बसल्या होत्या. अलीकडे अंधारात डिझायनर, तिचा मॅनेजर आणि टीममधले दोघं. बाईंना काचेत फक्त स्वतःचाच चेहरा दिसत होता.

त्यांना काम दिलं होतं खातं बंद करण्याचं. खातं त्यांच्या नवऱ्याचं. ते गेले तरी फोन रोज सकाळी म्हणायचा, ‘आज आला नाहीत, आम्ही वाट बघतोय.’ ते एकदाचं थांबावं म्हणूनच मी आले, असं त्यांनी आल्याआल्या सांगितलं होतं.

बाईंनी सेटिंग उघडलं, मदत उघडली, फिरून होत्या तिथेच आल्या. ‘बंद करा’ पार तळाशी होतं, फिकट राखाडी. ते सापडलं तर पडद्यावर रडका चेहरा उमटला : ‘खरंच सोडून जाताय?’ खाली मोठं हिरवं बटण : ‘नाही, थांबतो’. बाईंनी डोळे टिपले आणि हिरवं दाबलं. खातं चालूच राहिलं.

अंधारात कुणीतरी फिसकन हसलं. मॅनेजर सँडविच चघळत म्हणाला, की यालाच फ्रिक्शन म्हणतात. जाणाऱ्याला थोडीशी अडचण हवीच, त्यानं रिटेन्शन वाढतं, लोक टिकून राहतात.

“पण त्यांचा नवरा गेलाय,” डिझायनर म्हणाली.

“एज केस आहे, लाखात एखादी. मेलेल्यांसाठी कोण डिझाइन करतं?”

हे शब्द तीही रोज वापरायची. आज ते त्याच्या तोंडातल्या घासासारखे लिबलिबीत वाटले. मध्ये गेलीस तर चाचणी बिघडेल, असं तो सांगत असतानाच ती दार ढकलून आत गेली.

“काकू, मी दाखवते.”

शेवटचं बटण आलं तेव्हा बाईंनी तिचा हात धरला. आधी त्यांचं शेवटचं चालणं बघू दे, म्हणाल्या. नकाशावर रेघ बाजारापर्यंत गेली होती, आणि वाटेत एका जागी बराच वेळ थांबली होती.

“इथे दम लागला असेल,” बाई म्हणाल्या. “मला बोलले नाहीत.”

मग त्यांनी स्वतःच खातं बंद केलं.

मॅनेजरनं ती चाचणी बाद ठरवली. डिझायनरनं त्याच दिवशी राजीनामा दिला. नोटिशीचा महिना मात्र भरावा लागला. त्या महिन्यात ती मॅनेजरच्या टेबलाशी एकदाही जेवायला बसली नाही. तिला घास गिळवला नसता.