सरहद्द ओलांडून आलेला मग

मित्रांनो, वलगावला खुशालरावांच्या घरी खिडकीत निळ्या काठाचा एक पांढरा इनॅमलचा मग दिसतो. तो मीच. माझ्या कडेचे टवके उडाले आहेत, बुडाला गंज चढला आहे. पण ज्या हातांनी मला आजवर धरलं, त्यांची आठवण मात्र अजून लख्ख आहे.

माझा जन्म सरहद्दीपलीकडच्या कारखान्यातला. तिथून मी एका लष्करी दवाखान्यात आलो. एकाहत्तरच्या लढाईत खुशालरावांना तिथे आणलं, जखमी कैदी म्हणून. मांडीत गोळी, अंगात ताप, आणि पाण्याला तोंड लावायला तयार नाहीत. शत्रूच्या हातचं पाणी, त्यात काय असेल कोण जाणे!

जखमा धुणारे नूरदीन नावाचे एक वयस्क गृहस्थ तिथे होते. त्यांनी माझ्यातला घोट आधी स्वतः घेतला आणि मग मला खुशालरावांच्या ओठांशी धरलं.

"पी ले बेटा. घर में माँ राह देखती होगी."

खुशालराव प्यायले आणि रडले.

पू थांबला नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नूरदीन रोज माझ्यात मिठाचं कोमट पाणी आणत आणि हलक्या हातानं जखम धूत. हळूहळू ताप उतरला. पाय वाचला.

तुरुंगात धाडताना नूरदीननी मला खुशालरावांच्या हाती दिलं. तिथे थंडी हाडं गोठवणारी होती. कोठडीत अचलपूरचा जवान कुंदन आजारी पडला. खुशालरावांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याला माझ्यातून वरणाचं पाणी घोट घोट पाजलं. सुटका झाली तेव्हा दोघंही आपल्या पायांनी सरहद्द ओलांडून आले.

घरी त्यांच्या पत्नी जमुनाबाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं. "हे काहून आणलं जी? आपल्या घरी भांडे नाईत का?"

खुशालरावांनी सारं सांगितलं. ऐकता ऐकता जमुनाबाईंनी पदरानं डोळे पुसले, मला राखेनं घासलं आणि नवऱ्याला माझ्यातच चहा दिला.

पुढे स्टीलचे पेले आले आणि मी माळ्यावर गेलो. कित्येक वर्षं अंधारात धूळ खात पडलो. यंदा नात पौर्णिमानं मला खाली काढलं, कारण राजापेठेतल्या एका शाळेनं आजोबांना भाषणाला बोलावलं होतं.

"काका, रणांगणाचं सांगा," सारी हकीकत ऐकून संयोजक आधीच म्हणाले. "दवाखान्याचं राहू द्या. लोकांना रुचणार नाही."

खुशालरावांनी लढाईचं सांगितलं. टाळ्या पडल्या. मग त्यांनी मला उचललं.

"पोरांनो, मी आज तुमच्यासमोर उभा हावो तो एका तिकडच्या माणसामुळे. नूरदीन त्याचं नाव. त्यानं मले वाचवलं."

संयोजक घड्याळ पाहू लागले. खुशालराव अडखळले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून जमुनाबाईंचा आवाज आला, "थांबू नका जी. समोरचं सांगा."

आणि खुशालरावांनी शेवटपर्यंत सांगितलं.

मित्रांनो, घरातलं जुनं भांडं भंगारात टाकण्याआधी म्हाताऱ्या माणसांना एवढं विचारा, हे कुठून आलं? आणि ते सांगू लागले, की त्यांना मध्येच थांबवू नका.