मनियाराच्या पंच्यात मुरलेलं मलम

मी पंचा बोलतोय. जरा सावकाश बोलतो, कारण बहुतेक वेळा मी ओला असतो.

मालेगावच्या मागावर विणला गेलो आणि गठ्ठ्यातून जव्हारच्या बाजारात आलो. तय्यब मनियारांनी, म्हणजे आमच्या चाचांनी, मला गालावर घासून पाहिलं आणि खांद्यावर टाकलं. तेच माझं घर.

आमचा धंदा बांगड्या भरण्याचा. खोडाळ्याच्या बाजारात एखादीचा हात कडक असला की चाचा तो कोमट पाण्यात बुडवायला लावत. कातडी मऊ झाली की बांगडी आपोआप सरके. मग हात पुसायला मी.

चाची गेल्यावर घरात चाचा आणि मी, दोघंच. जेवताना ते माझ्याशी बोलत. मी काय बोलणार? हे लेकीला, सिदराला, पाहवेना. तिने भिवंडीच्या झरीनाबाईंचं स्थळ काढलं. त्याही एकट्या, शिवणकाम करणाऱ्या. "जुम्म्याला त्या तुम्हाला बघायला येणार, अब्बा."

चाचांनी आरशात पाहिलं आणि आरसा भिंतीकडे फिरवला.

मग सिदराने एक डबी आणली. "यात अँटीऑक्सिडंट आहे. लोखंडाला गंज चढतो ना, तसं कातडीचं होतं. हे ते आवरतं. पण आत मुरलं तरच."

चाचांनी मलम चोपडलं आणि खोडाळ्याच्या एसटीत बसले. मोखाड्याच्या वळणांवर घाम फुटला. सवयीने त्यांनी मला ओढलं आणि तोंड खसाखसा पुसलं. मलम मुरलं, पण माझ्यात. रोज हेच. मी लोण्यासारखा मऊ झालो. चाचा होते तसेच.

बाजारात गिऱ्हाईक म्हणून आलेली गौरा मला हुंगून म्हणाली, "चाचा, तुज्या पंच्याचा लगीन हाय का?"

चाचा लाजले. खरं काय ते सांगून टाकलं. गौरा हसून हसून खाली बसली. "आमचा हात ऊन पाण्यात घालतोस, मंग तुजा तोंड काय येगळा हाय?"

घरी येऊन चाचांनी मला कोमट पाण्यातून पिळलं आणि तोंडावर ठेवलं. मग ओलसर गालांवर मलमाचा पातळ हात फिरवला, आणि मला लांब, दोरीवर टांगलं. थोड्या वेळाने बोट फिरवून पाहिलं, तर बोटाला काही लागेना. मुरलं होतं!

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण जुम्म्याच्या सकाळी भीती वाटली, म्हणून वर आणखी एक थर दिला. मग आणखी एक.

झरीनाबाई समोर बसल्या. चाचांच्या कपाळावरून घामाचे पांढरे ओघळ निघाले. मी मांडीवरच होतो, पण ते मला हात लावीनात.

"घाम पुसा की," झरीनाबाई म्हणाल्या.

"पुसला तर वय दिसेल."

सिदराने कपाळावर हात मारून घेतला.

"मघाशी बसताना माझे गुडघे वाजले. ऐकलेत ना?" झरीनाबाईंनी विचारलं.

"ऐकले."

"मग तुम्ही काही बोललात का?"

चाचांनी मला उचललं आणि सगळे थर पुसून काढले. झरीनाबाई उठल्या. गुडघे पुन्हा वाजले. "बस, सिदरा, चहा मी टाकते. साखर कुठे आहे तेवढं सांग, मला इथलं अजून माहीत नाही."

तो 'अजून' ऐकला आणि चाचांनी मला पुन्हा तोंडाशी धरलं. या खेपेला घाम नव्हता.

आता मी मधोमध फाटलोय. झरीनाबाईंनी ठिगळ लावलंय. जेवताना चाचा माझ्याशी बोलत नाहीत, त्यांना सवडच मिळत नाही. मला वाईट वाटत नाही.

तुम्ही काही लावत असाल तर ओलसर तोंडावर लावा, थोडंच लावा, आणि मला लांब ठेवा. पण समोरचं माणूस प्रेमाने "पुसा" म्हणालं, तर मला लगेच हाक मारा. फाटका असलो तरी येईन.