निळ्या पेन्सिलीच्या सतरा रेघा

मी एक जुनी संहिता आहे. मित्रांनो, संहिता म्हणजे पडद्यावर येण्याआधीचा, कागदावरचा चित्रपट. कोण कुठे उभं राहणार, काय बोलणार, दार कधी वाजणार, हे सगळं माझ्यात लिहिलेलं असतं. माझी पानं एकशे बारा. कोपरे कसरीने खाल्लेले, कणा दोनदा शिवलेला. माझ्या चौसष्टाव्या पानावर सतरा ओळी निळ्या पेन्सिलीने खोडलेल्या आहेत. त्या सतरा रेघांवरून एका रविवारी दुपारी चाळीस माणसं हमरीतुमरीवर आली. खरं काय ते त्या खोलीत मला एकटीलाच ठाऊक होतं. पण कागदाला कोणी उघडल्याशिवाय बोलता येत नाही.

मला मास्तरांनी लिहिलं. ते आधी शाळेत शिकवत, म्हणून चित्रपटाचं लेखन करू लागले तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणत. यंत्रावर एका वेळी तीन कागद चढवून, मध्ये कार्बन घालून ते मला टंकत होते. मी तळाची प्रत, त्यामुळे माझी अक्षरं जन्मापासूनच फिकट. पहिली प्रत निर्मात्याकडे गेली, दुसरी नटाकडे, आणि मी नोंदताईंच्या हाती आले.

नोंदताईंचं काम मोठं बारकाव्याचं. आज नटाच्या सदऱ्याची दोन बटणं उघडी असतील, तर आठ दिवसांनी त्याच प्रसंगाचा उरलेला भाग टिपताना तीच दोन उघडी हवीत. कप कोणत्या हातात होता, खिडकी किती उघडी होती, सगळं त्या शाईने लिहून ठेवत. टंकलेला मजकूर माझ्या उजव्या पानावर. डावीकडे आधीच्या पानाची कोरी पाठ येते, ती नोंदताईंची जागा. "लिहिलं नाही ते घडलं नाही," असं त्या म्हणत.

चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणजे साहेब. साहेब आणि मास्तर यांची मैत्री जुनी आणि भांडणंही जुनी. म्हणून नोंदताईंनी पहिल्याच दिवशी नियम घातला. बदल करायचा तर फक्त माझ्यात करायचा, मास्तरांनी लाल पेन्सिलीने, साहेबांनी निळ्या. मागाहून कोणी कोणावर ढकलायला नको. नियम चोख होता. तो एकदाच मोडला, चौसष्टाव्या पानावर.

त्या पानावर एक बाप नोकरी गमावून घरी येतो. मुलगी दार उघडते. मास्तरांनी बापाला सतरा ओळी दिल्या होत्या, सगळं समजावून सांगणाऱ्या. चित्रपटात मात्र तो एक अक्षर बोलत नाही. चपला काढतो, वाकून त्या सरळ करतो, मुलीच्या चपलांशेजारी लावतो आणि आत जातो. बस्स. त्या प्रसंगाने लोक रडले. साहेबांचं नाव झालं. मास्तरांनी पुढे आणखी दोन संहिता लिहिल्या आणि ते पुन्हा शाळेत शिकवू लागले.

चित्रीकरणाच्या दिवसांत माझा थाट होता. "संहिता कुठंय?" असा पुकारा झाला की दहा माणसं धावत. काम संपलं आणि मी नोंदताईंच्या ट्रंकेत गेले, लोकरी कपड्यांच्या खाली. तिथे जवळजवळ चाळीस वर्षं काढली. कसरीने माझे कोपरे चाखले. नोंदताई गेल्या, त्याआधी वर्षभर साहेबही गेले होते. ट्रंक आवरताना नोंदताईंच्या भाचीने मला चित्रपट मंडळाच्या कपाटात आणून ठेवलं.

हे मंडळ वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरतं. दर रविवारी चित्रपट, मग चहा, मग वाद. त्या वर्षी मंडळाने आमचाच चित्रपट दुरुस्त करायला घेतला होता. सुरुवातीची नावांची पट्टी पार खराब झाली होती, ती नव्याने करायची होती. अध्यक्षांनी मजकूर सुचवला. साहेबांचं नाव एकटं, पडदाभर, 'यांची कलाकृती' असं. मास्तरांचं नाव मागून, रंगभूषा आणि वेशभूषेच्या यादीत. वाद झाला त्या रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत मजकूर पट्टी करणाऱ्यांना कळवायचा होता आणि आठ दिवसांनी तो चित्रपट दाखवायचा होता.

मास्तर तेव्हा ऐंशीच्या पुढचे, पण कान-डोळे शाबूत. त्यांना बोलावलं तर म्हणाले, "मी पक्षकार. पक्षकाराने निवाड्याला बसू नये. कागद काय म्हणतो ते बघा." म्हणून त्यांची मुलगी आली. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं तपासते. तिचं म्हणणं एवढंच होतं, की बाबांचं नाव साहेबांच्या नावाशेजारी, त्याच अक्षरात यावं. बाबांनी ते आपल्या डोळ्यांनी बघावं. पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं?

तिची बाजू उचलून धरली शिंपीकाकांनी. हे मंडळाचे सर्वांत जुने सभासद. ते म्हणाले, "कापडच नसेल तर कात्री चालवणार कशावर?"

समोर होत्या नर्सबाई. त्या एकेक चित्रपट चार-चारदा बघतात. त्या म्हणाल्या, "कापडाचे तागे दुकानात पडलेलेच असतात काका. अंगावर बसतो तो सदरा. आणि बिघडला की शिव्या कोण खातं? दिग्दर्शकच ना?"

मग काय विचारता. कोणी म्हणे लेखक म्हणजे पाया, कोणी म्हणे पायात कोण राहायला जातं. संहिता सुरेख पण दिग्दर्शकाने माती केली, याचे दाखले निघाले. त्याच्या उलट दाखलेही तेवढेच निघाले. माणसं खुर्च्या पुढे ओढून बोलू लागली. मी टेबलावर होते, काचेच्या झाकणाखाली, मिटलेली.

मुलगी उठली आणि शांतपणे म्हणाली, "चपलांचा प्रसंग बाबांचाच आहे. घरी ते रोज तशाच चपला लावतात. मी लहानपणापासून बघतेय."

अध्यक्ष हे निवृत्त मोजणीदार, पुराव्याशिवाय बोलायचे नाहीत. त्यांनी माझ्या पानांचे फोटो स्वतः काढले होते, एकशे बारा पानांचे एकशे बारा. त्यांनी चौसष्टावं पान पडद्यावर टाकलं.

सतरा ओळी. सगळ्या खोडलेल्या. निळ्या पेन्सिलीने. आणि टंकलेल्या मजकुरात चपलांचा उल्लेख नाही.

पहिल्या पानावर नोंदताईंनी पेन्सिलींचा नियम लिहिलेला होताच. तो अध्यक्षांनी वाचून दाखवला. लाल लेखकाची, निळी दिग्दर्शकाची. म्हणजे मास्तरांनी पानभर बोलणं लिहिलं होतं आणि ते काढून प्रसंग घडवला साहेबांनी. नर्सबाई जिंकल्या होत्या, पण त्यांनीही मान खाली घातली. मागून कोणीतरी पुटपुटलं, की मुलीला बापाचं वाटणारच, पण पुरावा तो पुरावा.

मित्रांनो, त्या क्षणी माझा जीव कसा झाला असेल! खरं माझ्या पोटात होतं, हाताच्या अंतरावर, आणि वर काच होती. घड्याळात पाचला वीस मिनिटं होती. अध्यक्ष म्हणाले की सुचवलेला मजकूर कोणाला मान्य आहे, ते आता हात वर करून बघू. हात वर होऊ लागले. पाच, नऊ, चौदा. शिंपीकाकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मुलगी मात्र हात बघत नव्हती. ती पडद्याकडे बघत होती. ती दोन पावलं पुढे गेली, तीन गेली, पडद्याला नाक लागेल इतकी जवळ.

"हे डाव्या कडेचे फिकट ठिपके कसले?" तिने विचारलं.

"जुना कागद आहे," अध्यक्ष म्हणाले. "डाग पडतात."

"डाग असे ओळीत पडत नाहीत. ही शाई आहे, समोरच्या पानावरून उमटलेली. समोरच्या पानाचा फोटो कुठे आहे?"

अध्यक्ष घाईने फोटो चाळू लागले. टंकलेली पानं तेवढी मोजून, एकही न चुकवता त्यांनी टिपली होती. डावीकडची पाठ कोरीच असणार असं धरून, पान उलटताच ती न बघता पुठ्ठ्याखाली दाबत गेले होते. माझ्या पहिल्या काही पानांच्या पाठी कोऱ्याच होत्या, कारण त्यांवर पात्रांची यादी होती, तिथे नोंदताईंना टिपण्यासारखं काही नव्हतं. आयुष्यभर जमिनी मोजणाऱ्या माणसाने अर्धं शेत मोजलंच नव्हतं.

त्यांनी झाकण काढलं. मुलीने हात रुमालाला पुसले आणि मला उघडलं. त्रेसष्टाव्या पानाची पाठ शाईने भरलेली होती. तिचा अंगठा माझ्या कडेवर होता. तिने आधी मनात वाचलं, आणि पहिल्या दोन ओळींनंतर तो अंगठा घट्ट दाबला गेला. मला कळलं. त्या दोन ओळी तिच्या बाजूच्या नव्हत्या. पुढच्या होत्या. पान तिच्या हातात, तोंड खोलीकडे. हवं तेवढंच वाचलं असतं तर कोणाला समजणार होतं?

ती पहिल्या ओळीपासून वाचू लागली.

"पान चौसष्ट. तिसरी तालीम. नट संवाद विसरला आणि वेळ काढायला वाकून चपला सरळ करत बसला. साहेब म्हणाले, हेच हवंय, हे ठेवू. मास्तरांची लाल पेन्सिल कोटात राहिली होती. त्यांनी साहेबांची निळी मागून घेतली आणि आपल्या सतरा ओळी स्वतः खोडल्या. साहेब म्हणाले, दोन तरी ठेवा, लोकांना कळायचं नाही. मास्तर म्हणाले, एकही नको, कळेल."

तिने मान वर केली. "म्हणजे चपला बाबांच्या नाहीत," ती म्हणाली. "मी चुकीचं सांगितलं होतं."

"आणि गप्प राहणं साहेबांचं नाही," नर्सबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी आपला वर केलेला हात केव्हाच खाली घेतला होता.

अध्यक्ष उभे राहिले. "चूक माझी. अर्धाच कागद दाखवून मत मागितलं," ते म्हणाले आणि त्यांनी आधीचं मत रद्द केलं. पाचला चार मिनिटं असताना नवा मजकूर ठरला. दोन नावं, एका ओळीत, एका मापाची. शिंपीकाका म्हणाले, "आणि तो विसरभोळा नट? तो विसरला नसता तर दोघं बसले असते सतरा ओळी धरून." त्यावरून जिन्यात पुन्हा वाद पेटला. तो माझ्या माहितीप्रमाणे अजून मिटलेला नाही.

पुढच्या रविवारी मास्तर आले. दाराशी त्यांनी चपला काढल्या, वाकून सरळ केल्या. चाळीस माणसं बघतायत हे लक्षात आलं तसे ओशाळले. "ही खोड मला त्या चित्रपटानंतर लागली," ते मुलीला म्हणाले. मग पडद्यावर ती ओळ आली, त्यांचं नाव साहेबांच्या नावाला लागून. ती ओळ गेल्यावरही मास्तर जरा वेळ तिथेच बघत राहिले.

आता माझी दोन्हीकडची पानं टिपलेली आहेत. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी वही, एखादं पत्र कपड्यांखाली पडलं असेल. त्याला उजेड दाखवा, कसरीपासून जपा. आणि त्यावरून कोणाचा निवाडा करायचा असेल, तर आधी पान उलटा. माझ्यासारख्यांना मधे बोलता येत नाही.

चित्रपट दाखवला त्या दिवशी, जाण्याआधी मास्तरांनी मला मागून घेतलं. नोंदताईंचं अक्षर बोटाने चाचपत त्यांनी ती नोंद दोनदा वाचली. मग मला मिटताना मुलीला म्हणाले, "बाकी सगळं बरोबर लिहिलंय. फक्त एक राहिलं. त्याची ती निळी पेन्सिल मी परत दिलीच नाही."