कंठ्याचा चोर उसात

सुकुमारचं असं मत होतं, की प्रत्येक पुस्तकाचा एक ऋतू असतो आणि भलत्या ऋतूत वाचलेलं पुस्तक अंगावर उठतं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. सांगलीच्या कॉलेजातून नापास होऊन गावी परतलेल्या माणसाचं कशाबद्दल तरी ठाम मत असावं लागतं, म्हणून त्यानं हे धरलं होतं.

कुंडलच्या अलीकडे ओढ्याकाठी त्याचं गाव. गावात त्यानं वाचनालय काढलं होतं. वाचनालय म्हणजे एक कपाट. त्याचे वडील नेमिनाथशेट भुसारी मालाचे व्यापारी, पण दुकानात कपाट ठेवायला त्यांनी साफ नकार दिला. उंदरांना ज्वारी आणि कागद यांतला फरक कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. शाळेचं छप्पर गळत होतं. शेवटी बागायतदार लालासाहेबांनी आपल्या गुऱ्हाळाच्या छपरात एका कोपऱ्यात जागा दिली. त्यामुळे पंचक्रोशीतल्या त्या एकुलत्या एका वाचनालयाला बारा महिने गुळाचा वास यायचा, आणि थंडीत पानांवरून मुंग्या हिंडायच्या. त्या डावीकडून उजवीकडे चालतात, हे सुकुमारनं नीट पाहून ठेवलं होतं.

तो पुस्तक द्यायचा ते वैद्य पुडी देतो तसं. श्रावणात जाडजूड पोथीवजा काहीतरी, कारण बाहेर पडता येत नाही. वाळवणाच्या दिवसांत कविता, कारण ओळ संपली की मान वर करून कावळे हाकता येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांची चित्रांची पुस्तकं, ती थंड. आणि थंडीत रहस्यकथा, त्या उष्ण. रहस्यकथांना नेमिनाथशेटांची एकच अट होती.

"आपल्या कपाटात खून नको."

"मग रहस्य कशाचं करायचं, बाबा?"

"चोरीचं कर. चोरी वाईटच, पण ती भरून निघते."

तेव्हापासून कपाटात फक्त बिनखुनाच्या रहस्यकथा होत्या. त्यांत कुणी मरत नसे. फार तर एखादा पोपट बेशुद्ध पडे, आणि तोही पुढच्या प्रकरणात पेरू खायला लागे. सुकुमार स्वतः सूर्य मावळल्यावर जेवत नसे आणि सूर्य मावळल्यावर रहस्यकथाही वाचत नसे. पोटात जीवजंतू जाऊ नयेत तसे ते डोक्यातही जाऊ नयेत.

त्यानं हे सगळं निम्मं थट्टेत काढलेलं. पण गावानं ते त्याच्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. पलटणीतल्या एका शिपायाची बायको आभाळ भरून आलेलं पाहून धावत पुस्तक परत करायला आली होती. "मिरीग निघालं की वो. आता ह्ये पोराला बाधंल," ती म्हणाली. तेव्हापासून सुकुमारलाही जरा जपून बोलावं लागे.

त्रेचाळीस सालच्या थंडीत त्यानं गुऱ्हाळावर वाचायला कंठ्याचं पुस्तक काढलं. एका बंगल्यातल्या देसाईणबाईंचा मोत्यांचा कंठा चोरीला जातो आणि पुण्याहून एक गुप्तहेर येतो, अशी गोष्ट. सकाळी धुकं असताना काहिलीखाली, म्हणजे रसाच्या अजस्र कढईखाली, जाळ पेटे. चरकाचे बैल धुक्यात शिरत आणि धुक्यातून बाहेर येत. दर फेरीला तेच बैल बाहेर येतात की दुसरे, हे कळायला मार्ग नव्हता. उसाच्या चिपाडांच्या ढिगावर माणसं घोंगडी पांघरून बसत. सुकुमार कपाटाला टेकून वाची. गोड वाफ पानावर बसे आणि अक्षरं जरा फुगत.

ऐकणाऱ्यांत पुढे असे राहीबाई, लालासाहेबांची थोरली बहीण. ती चुलवाणात चिपाडं सारी. सगळं गाव तिला आक्का म्हणे. गुप्तहेर बंगल्याच्या माळ्याला गाठून विचारतो, "बोल, त्या रात्री कुणाला पाहिलंस?" हे वाक्य सुकुमारनं वाचलं, तशी आक्का हातातलं चिपाड उगारून उठली.

"सांगू नगंस रं माळ्या! न्हाई म्हन!"

"म्हन, मी झोपलो हुतो!" मागून कुणीतरी ओरडलं.

सुकुमार थांबला. "आक्का, आवं, गुप्तहेर चांगला माणूस आहे. चोराला धरायला आलाय."

"धराय येत्यात ती समदी पुण्यासनंच येत्यात."

यात आक्काची चूक नव्हती. चळवळीच्या त्या साली निम्म्या गावांतली तरणी माणसं घरी नव्हती. ती कुठं आहेत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. पोलिसांची लॉरी आली की गावातलं लहान पोरही आभाळाकडे बघायला शिकलं होतं. अशा गावात येऊन 'तो कुठे लपला आहे' असं विचारणारं पुस्तक म्हणजे दारात येऊन ओरडणाऱ्या फौजदाराइतकंच उद्धट.

"पण आक्का, तो चोर आहे."

"कशापायी न्हेला आसंल कंठा, तुला काय ठावं? घरात दुखनं आसंल."

दोनचार दिवसांत गावाचं ठरून गेलं, की चोर बंगल्यातून निसटलाय आणि लालासाहेबांच्या उसात आहे. दुसरीकडे जाणार कुठं? ऊस डोक्याच्या वर गेलेला, पाणी जवळ. कुणीतरी त्याचा खोकलाही ऐकला.

इथवर ठीक होतं. अडचण झाली ती धुळाची. धुळा म्हणजे गुळव्या, काहिलीचा मालक तोच. रस उकळून फेस कधी पिवळा फुलतो, थेंब पाण्यात टाकला की गोळी कधी वळते आणि काहील नेमकी कधी उतरायची, हे त्यालाच कळे. क्षणभर उशीर झाला की गूळ काळा. आणि ज्या दिवशी शेवटून दुसऱ्या प्रकरणात गुप्तहेर उठून म्हणाला, "आता मी चोराचं नाव सांगतो," त्या दिवशी धुळा हातातला झारा तसाच वर धरून उभा राहिला. सुकुमारनं पुस्तक मिटलं. धुळा उभाच. मग करपल्याचा वास आला.

लालासाहेबांनी त्या गुळाची काळी ढेप हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि कौलावर दगड ठेवावा तशी कपाटावर ठेवली.

"सुकुमार."

"जी, दादा."

"उद्याच्या काहिलीचं आधान सांगलीच्या पेठंला जायचं हाय. त्ये असं झालं, तर ह्या कपाटात कोंबड्या."

"आणि पुस्तकं, दादा?"

"कोंबड्या वाचत्याल."

लालासाहेब विनोद करत नसत. सुकुमार घरी गेला आणि ताटावर बसून राहिला. कपाट गेलं, तर त्याच्याजवळ उरणार होतं फक्त कॉलेजचं अर्धवट गणित आणि बाबांचं दुकान. बाबांनी समोर बसून नुसता तराजू पुसला. ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

सकाळी धुकं इतकं दाट होतं, की गुऱ्हाळ कुठं आहे हे त्यानं नाकानं शोधलं. आत गेला तर लालासाहेब आधीच आलेले. त्यांच्या पायाशी वेताची डालगी, डालगीत कोंबड्या. त्या कपाटाकडे टक लावून बघत होत्या.

सुकुमार धुळाजवळ गेला. "धुळामामा, आज मी वाचतच नाही. तुम्ही काहिलीकडं बघा."

धुळा कळवळला. "धाकलं शेट, न वाचल्यावर तर जास्तीच घोळ. कालपास्नं डोस्क्यात एकच. माळी का सैपाकी? सैपाकी का मुनीम? हात चालंना झालाय."

"मग वाचून टाकतो. नाव कळलं की मोकळे व्हाल."

"नाव वाचशील तर याद राख!" चुलवाणाजवळून आक्का कडाडली. "माज्या छपरात चुगली हुयाची न्हाई."

घोंगड्यांमधून हुंकार आला. गाव आक्काच्या बाजूनं होतं. वाचावं तर चुगली, न वाचावं तर गूळ काळा. रसाला पहिली उकळी आली. मळी वर आली, धुळानं ती काढली, पण त्याचे डोळे पुस्तकावर होते. लालासाहेबांनी डालगीची दोरी सैल केली.

सुकुमारनं पुस्तक उघडलं. वाफ पानावर उतरली.

"गुप्तहेर उठला," त्यानं वाचलं. "दिवाणखान्यात शांतता पसरली. तो म्हणाला, मंडळी, चोराचं नाव आहे..."

आक्कानं चिपाड उचललं.

"...पण तेवढ्यात त्याला सुट्टी लागली," सुकुमार म्हणाला.

पुस्तकात असं नव्हतं. पुस्तकात तिथं नाव होतं, ठसठशीत. त्याच्याकडे बघत सुकुमार पुढे वाचत राहिला. गुप्तहेरानं टोपी घातली, बाईंना नमस्कार केला आणि पोरं सुट्टीला जातात तसा तो आगगाडीत बसला. खिडकीतून त्यानं एक टेकडी बघितली, मग तीच टेकडी दुसऱ्या बाजूनं बघितली. ताकारीला तो उतरला. स्टेशनवर धुकं होतं. धुक्यानं त्याच्या हातातली पेटी घेतली आणि पुढं चालायला लागलं. वाटेत बाभळी होत्या, त्या त्याला ओळखत नव्हत्या, तरी बाजूला झाल्या. चालता चालता तो कशासाठी निघाला होता ते थोडं थोडं विसरत गेला. आधी कंठा विसरला. मग बंगला. मग पुणं.

छपरात कुणी हलत नव्हतं. बैल धुक्यात गेले आणि बऱ्याच वेळानं आले.

"चालत चालत तो एका गुऱ्हाळावर आला," सुकुमारनं वाचलं. "तिथं चिपाडांवर माणसं बसली होती. एक आक्का जाळ घालत होती. ती म्हणाली..."

तो थांबला. आक्का गोंधळली. मग पदर सावरून धुक्याकडे बघत म्हणाली, "बसा. रस घ्या."

"गुप्तहेर बसला. त्यानं रस घेतला. मग त्याला काहील दिसली. त्यानं जन्मात काहील बघितली नव्हती. तो गुळव्याला म्हणाला, मामा, हा फेस कसला?"

धुळानं पुस्तकावरची नजर काढली आणि काहिलीत घातली. "ह्यो व्हय? ह्यो मळीचा न्हवं. आता पिवळा हुईल बगा."

"झाला का पिवळा?"

"व्हायलाय."

"गुप्तहेराला तपास करायची सवय. तो म्हणाला, मामा, पुरावा काय?"

धुळानं झाऱ्यावरचा थेंब पाण्यात टाकला. बोटांनी चाचपला. "मऊ हाय. अजून कबूल हुईना."

छपरातले सगळे काहिलीकडे सरकले. गुप्तहेरही सरकला असावा. आक्कानं थोडी जागा करून दिली. सुकुमार आता पान उलटत नव्हता, नुसतं विचारत होता. रंग कसा, वास कसा, जाळ किती. धुळा धुक्यातल्या त्या परक्या माणसाला एकेक गोष्ट सांगत होता. आयुष्यात त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. त्याचा आवाज मऊ झाला होता. "आक्का, जाळ वडा," तो म्हणाला. पुन्हा थेंब टाकला. गोळी वळली. ती त्यानं भांड्यावर आपटली. टण्ण वाजली.

"धरा!" धुळा ओरडला.

माणसं उठली, कड्यांत बांबू गेले, काहील उतरली. निववायच्या वाफ्यात गूळ ओतला तेव्हा उन्हाची पहिली तिरीप छपरात आली आणि गुळात जाऊन बसली. दोन्ही एकाच रंगाचे होते.

लालासाहेबांनी वाकून बघितलं. बोट लावलं, चाटलं. मग डालगीची दोरी पुन्हा आवळून बांधली. आतून एक कोंबडी निराश आवाजात काहीतरी बोलली.

"कपाट ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. आणि निघता निघता धुक्याला म्हणाले, "पाव्हनं, जेवून जावा."

माणसं पांगली. पुस्तक परत ठेवायला सुकुमार वळला, तर आक्का कपाटाला टेकून बसलेली.

"काय झालं, आक्का? नाव नाही ना घेतलं मी."

"न्हाई घेतलंस. गुनाचा हायेस." ती उसाकडे बघत होती. धुकं विरळ होत होतं आणि त्यातून तुरे दिसायला लागले होते. "पर ऊस शिमग्यापातुर तुटंल, सुकुमार. रान मोकळं हुईल. मग त्यो कुटं ऱ्हाईल?"

"कोण?"

आक्कानं त्याच्याकडे असं बघितलं, की सुकुमारला आपण पुण्याहून आल्यासारखं वाटलं. तिचा धाकटा मुलगा मानसिंग भाताच्या काढणीनंतर घरी आला नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं.

"उन्हाळ्यात," सुकुमार सावकाश म्हणाला, "रहस्यकथा वाचायच्याच नसतात. उष्ण पडतात. उन्हाळ्यात सुट्टीची पुस्तकं. ती थंड."

"त्यात काय आसतंय?"

"मामाचं गाव असतं. विहीर असते. आमराई."

"दाव."

त्यानं कपाटाच्या खालच्या फळीवरून पोरांचं एक पुस्तक काढलं आणि आमराईचं चित्र उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. आक्कानं राखेचे हात लुगड्याला पुसले. ती चित्रावर वाकली. खोडं बघितली, खोडांमागची काळी सावली बघितली, फांद्या कुठवर खाली आल्यात ते बोटानं चाचपलं. विहिरीपासून झाडांपर्यंतचं अंतर तिनं बोटाच्या पेरांनी मोजलं. वाट कुठून येते हे विचारलं. वाट चित्राच्या बाहेरून येते, असं सुकुमारनं सांगितलं. ते तिला बरं वाटलं.

"दाट हाय," शेवटी ती म्हणाली. "शिमग्याला माज्यासाटनं ह्येच ठेव. दुसऱ्या कुनाला द्याचं न्हाई."